कोवळी तोड : युद्धकाळातील धंदेशिक्षणाच्या शाळा आणि त्यांची मुले



ऊस पक्व होण्याआधी तोडू नये, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली सोळा-अठरा महिन्यांचा. त्याआधी कोयता घातला तर काट्यावर वजन भरत नाही आणि उताराही पडत नाही. मोळी दिसायला तीच, पण आत साखर नाही. माणसाच्या शिक्षणाचेही तसेच आहे. हातात धंदा मुरायला काही वर्षे लागतात. ती वर्षे कापून मुलाला कामाला जुंपले, तर दाखला हातात येतो, पण आत काय भरले हा प्रश्न राहतो.

हा प्रश्न एका सबंध देशापुढे कसा उभा राहिला, ते या लेखात सांगायचे आहे. देश जपान, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आपल्या सभासदांची पुष्कळ मुले आज आयटीआयला आणि तंत्रशाळांत जातात. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी इलेक्ट्रिशियन होतो. जपानमध्येही अशाच घरांतली अशीच पोरं धंदेशिक्षणाच्या शाळांत शिकत होती. युद्धाने त्यांचे काय केले, हे आपण समजून घेण्यासारखे आहे.

शाळा कशा होत्या?

त्या वेळी जपानमध्ये सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. ते संपले की वाटा फुटत. विद्यापीठापर्यंत जाऊ इच्छिणारे माध्यमिक शाळेत जात. शेतकरी, दुकानदार, कारागीर यांची हुशार मुले बहुधा धंदेशिक्षणाच्या शाळेत जात. या शाळांसाठी १८९९ सालीच वेगळा कायदा झाला होता. त्यांचे मुख्य प्रकार चार : शेतकी शाळा, औद्योगिक शाळा, व्यापारी शाळा आणि मच्छीमारीची शाळा. शिक्षण साधारण तीन ते पाच वर्षांचे असे.

शेतकी शाळेत जमीन, खते, जनावरे, रेशीमकिडे यांचे शिक्षण मिळे. औद्योगिक शाळेत लेथ, कानस, नकाशे, वीज आणि कापडाची रंगाई-विणाई. व्यापारी शाळेत जमाखर्च, पत्रव्यवहार आणि मण्यांच्या पाटीवरचा हिशेब. जपानमध्ये सहकारी संस्थांचा कायदा १९०० साली झाला, आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा १९०४ साली. संस्थेला जशी शेतीतली जाण लागते तसा वह्या नीट लिहिणाराही लागतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ही दोन्ही माणसे अशाच शाळांतून तयार होत.

जपानच्या पुष्कळ प्राथमिक शाळांच्या आवारात एक पुतळा असे. पाठीवर लाकडाची मोळी आणि हातात उघडे पुस्तक, असा चालता चालता वाचणारा शेतकऱ्याचा मुलगा. हा निनोमिया सोन्तोकु. एकोणिसाव्या शतकात त्याने मोडकळीला आलेली खेडी पुन्हा उभी केली. कष्टही करावे आणि शिकावेही, हा त्या पुतळ्याचा अर्थ. युद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा यांतले पितळी-काशाचे पुतळे वितळवण्यासाठी नेले गेले. पुढे काय होणार, याची ती जणू खूणच होती. मोळी राहिली, पुस्तक गेले.

वर्षे कशी कापली गेली?

चीनशी युद्ध जुलै १९३७ मध्ये पेटले. दुसऱ्याच वर्षी, १९३८ साली, देशातली सर्व माणसे आणि साधने युद्धासाठी वापरण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका-ब्रिटनशीही युद्ध सुरू झाले. कर्ती माणसे आघाडीवर गेली. शेतात आणि कारखान्यात हात कमी पडू लागले. मग सरकारची नजर शाळांकडे वळली.

पहिल्यांदा सुट्टीतले आठ-दहा दिवस मागितले गेले. कुठे भातकापणी, कुठे रस्ता. त्यात कोणाला वावगे वाटले नाही, कारण हंगामात शाळकरी पोरं हाताखाली घेणे शेतकऱ्याच्या घरात चालतेच. पण मागणी वाढत गेली. जानेवारी १९४३ मध्ये माध्यमिक, मुलींच्या आणि धंदेशिक्षणाच्या शाळा एका हुकुमाखाली आणून पाच वर्षांचे माध्यमिक शिक्षण चारवर आणले. ऑक्टोबर १९४३ मध्ये ठरले की मुलांच्या व्यापारी शाळा बदलून औद्योगिक वा शेतकी कराव्यात. युद्धात व्यापार कशाला, असा हिशेब होता. हिशेबनीस व्हायला आलेल्या मुलांना विमानाचे सुटे भाग करायला लावले. १९४४ साली शाळकरी मुलांचे काम वर्षभराचे झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्याला हुकुमाचे रूप मिळाले. सुरुवातीला आठवड्यातले थोडे तास वर्ग भरवायचे ठरले होते. बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले.

मग आला मार्च १९४५. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. चार वर्षांचा नियम आधी फक्त नव्या मुलांसाठी होता, तो पुढे शाळेत असलेल्यांनाही लावला. त्यामुळे त्या मार्चमध्ये पाचवे वर्ष संपवणारे आणि चौथे वर्ष संपवणारे, असे दोन्ही वर्ग एकाच वेळी उत्तीर्ण ठरले. पण उत्तीर्ण म्हणजे मोकळे नव्हे. ज्यांना सैन्यात किंवा पुढच्या शाळेत जायचे नव्हते, त्यांना नव्या नावाखाली त्याच कारखान्यात ठेवले. शाळा संपल्याचा कागद मिळाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच यंत्रापुढे उभे. याच महिन्याच्या १८ तारखेला सरकारने ठरवले की प्राथमिक वर्ग सोडून देशातल्या सगळ्या शाळांतले शिकवणे एक वर्षासाठी बंद. युद्ध संपेपर्यंत ३० लाखांहून अधिक विद्यार्थी कामाला जुंपले गेले होते.

कारखान्यात शिक्षण होत नव्हते का?

सभासद विचारतील, औद्योगिक शाळेचा मुलगा कारखान्यात गेला तर बिघडले काय? तिथेच तर खरे शिक्षण. प्रश्न रास्त आहे. गळीत हंगामात एक महिना मिल हाउसमध्ये काढलेला पोरगा वर्गात बसलेल्यापेक्षा चार गोष्टी जास्त शिकतो, हे आम्हीही मानतो.

पण फरक नीट बघा. शिकायला गेलेल्या मुलाला आज लेथवर, उद्या जोडणीवर, परवा दुरुस्तीवर ठेवतात. चूक झाली तर उस्ताद थांबवून दाखवतो. युद्धाच्या कारखान्यात मुलाला एकच काम दिले जाई. पत्र्याला भोके पाडायची तर सहा महिने भोकेच. रिव्हेट मारायचे तर रिव्हेटच. दहा-दहा, बारा-बारा तास, कधी रात्रपाळी, खायला अपुरे. शिकवणारे जुने कामगार लढाईवर गेलेले. मोबदला ठरलेला होता, पण तो शाळेमार्फत यायचा आणि त्यातून फी वळती व्हायची. म्हणजे जी शाळा भरतच नव्हती तिची फी मुलगा स्वतःच्या कष्टाने भरत होता!

सुरक्षिततेचीही तीच गत. ७ डिसेंबर १९४४ रोजी मध्य जपानमध्ये मोठा भूकंप झाला. हान्दा गावी विमानाचा एक कारखाना जुन्या कापडगिरणीच्या इमारतीत थाटला होता. ती इमारत कोसळली आणि दीडशेच्या वर माणसे दबून मेली. त्यांत शंभराच्या आसपास विद्यार्थी होते. युद्धाच्या बंधनांमुळे वर्तमानपत्रांत या भूकंपाची बातमी जेमतेमच आली. पुढे ७ ऑगस्ट १९४५ रोजी तोयोकावा येथील आरमाराच्या दारूगोळा कारखान्यावर बाँब पडले. तिथे सुमारे २,५०० माणसे गेली आणि त्यांतही शेकडो विद्यार्थी होते. युद्ध संपायला त्या दिवशी अवघे आठ दिवस उरले होते.

शेतकी शाळांची मुले तुलनेने सुखी, असे वाटेल. तेही खरे नाही. १९४४ च्या अखेरीपासून त्यांना आणि गावकऱ्यांना डोंगरात नेऊन पाइन झाडांची मुळे खणायला लावले. त्या मुळांतून तेल काढून विमाने उडवायची योजना होती. दोनशे मुळांवर विमान तासभर उडेल, अशी घोषणाच दिली होती. मुळांचे ढीग पडले, भट्ट्या पेटल्या, पण त्या तेलावर विमाने काही उडाली नाहीत. साखर धंद्यातल्या माणसाने आणखी एक गोष्ट ऐकावी. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होते आणि जपानची बरीचशी साखर तिथून येई. बोटी बुडू लागल्या तशी ती साखर जपानला पोचेना. तिथल्या कारखान्यांत इंधनासाठी अल्कोहोल काढू लागले. जपानी घरांतून साखर जवळजवळ नाहीशी झाली.

व्यापारी शाळा झाली जहाजबांधणीची

या सगळ्या हुकुमांचा अर्थ एका शाळेच्या गोष्टीत दिसतो. हिरोशिमा शहराच्या नगरपालिकेची एक व्यापारी शाळा होती. जमाखर्च शिकायला आलेली मुले तिथे होती. वर सांगितलेल्या धोरणाप्रमाणे १९४४ साली तिचे नाव बदलून जहाजबांधणीची औद्योगिक शाळा असे झाले. नाव एका रात्रीत बदलता येते. पण जहाज बांधायला शिकवणारे शिक्षक, यंत्रे आणि वेळ एका रात्रीत येत नाहीत.

१९४५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या शाळांची वरच्या वर्गांतली मुले कारखान्यांत होती. खालच्या वर्गांतल्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शहराच्या मध्यभागी घरे पाडायच्या कामावर लावले होते. बाँबमुळे आग लागली तर ती पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करायचे होते. कौले उतरायची, लाकडे ओढायची, राडारोडा वाहायचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला अणुबाँब पडला, तेव्हा ही मुले उघड्यावर काम करत होती. या कामावरची सुमारे ६,००० मुले त्यात गेली. या शाळेच्या खालच्या वर्गांतली पुष्कळ मुले त्यांत होती. त्यांना ना जमाखर्च पुरता शिकता आला, ना जहाज बांधता आले. युद्धानंतर ती शाळा पुन्हा व्यापारी शाळा झाली आणि तिचा वारसा पुढे व्यापारी हायस्कूल म्हणून चालू राहिला. पाटी परत मिळाली, मुले नाही मिळाली.

उसाच्या बेटावर

ओकिनावा हे जपानचे दक्षिणेकडचे बेट. ते उसाचे बेट आहे. युद्धापूर्वी तिथे कादेना गावी साखर कारखाना होता आणि गावोगावचा ऊस छोट्या आगगाडीने तिथे येई. त्याच कादेनात सरकारी शेतकी शाळा होती. आसपासच्या ऊसकऱ्यांची मुले तिथे शिकत. म्हणजे चित्र आपल्याच तालुक्यासारखे.

मार्च १९४५ मध्ये या बेटावर अमेरिकन आरमार येऊन ठेपले. शाळेचे वर्ष संपायचेच दिवस होते. निरोपसमारंभ व्हायचे ते तोफांच्या आवाजात झाले. शिक्षिका होऊ घातलेल्या आणि हायस्कूलच्या काही मुलींचा समारंभ २९ मार्चच्या रात्री लष्करी इस्पितळाच्या झोपडीत मेणबत्तीच्या उजेडात झाला. या मुली तिथे जखमींची सेवा करत होत्या. १ एप्रिलला अमेरिकन सैन्य उतरले ते कादेनाच्याच किनारपट्टीवर.

बेटावरच्या २१ शाळांतली सुमारे २,००० मुले-मुली लढाईत ओढली गेली. त्यांत शेतकी, औद्योगिक, व्यापारी आणि मच्छीमारीच्या शाळाही होत्या. मोठ्या मुलांची पथके केली. लहानांना, अगदी चौदा-पंधरा वर्षांच्यांना, संदेश पोचवायला आणि तुटलेल्या तारा जोडायला धाडले. सक्तीच्या भरतीच्या वयात ती बसत नव्हती, म्हणून त्यांना स्वयंसेवक म्हटले आणि पालकांची संमती हवी असे कागदावर ठेवले. ती संमती सगळ्यांकडून खरोखर घेतली गेली नाही. जवळजवळ निम्मी मुले मेली. औद्योगिक शाळेची तर फार थोडी परत आली. वीज आणि यंत्रे शिकलेला हात ज्या बेटाला पुढे सर्वांत जास्त लागणार होता, तोच हात तारा जोडता जोडता गेला. २०१७ साली तिथे या २१ शाळांच्या नावांचा एकत्र स्मृतिस्तंभ उभारला गेला.

परत आलेल्यांचे काय झाले?

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. मुले शाळेकडे परतली. पुष्कळ ठिकाणी शाळा जळालेली, यंत्रे गेलेली, पुस्तकांतली पाने काळी केलेली. यानंतर जपानने जे केले ते आपण मनावर घेण्याजोगे आहे. १९४६ साली माध्यमिक शाळेचे कापलेले पाचवे वर्ष परत दिले. चार वर्षांवर बाहेर पडायचे की पाचवे पुरे करायचे, हे मुलांवर सोडले. १९४७ च्या कायद्याने सहा, तीन आणि तीन अशी नवी रचना आली आणि १९४८ पासून धंदेशिक्षणाच्या शाळांची हायस्कुले झाली. १९५१ साली खास कायदा करून शेतकी, औद्योगिक, व्यापारी आणि मच्छीमारी शिक्षणाच्या यंत्रसामग्रीला सरकारने मदत देऊ केली. उपाशी देश, घरे जळालेली, तरी आधी मुलांची वर्षे परत दिली आणि मग शाळेत लेथ आणले. पुढे जपानचे कारखाने उभे राहिले त्याला बरीच कारणे आहेत, पण मुरलेले हात हे त्यांतले एक आहे.

आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते?

गंमत अशी की त्याच युद्धाने आपल्याकडे उलटी चाल केली. हिंदुस्थानात कारागीर कमी पडले म्हणून १९४० पासून युद्धासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना आली. काही तरुणांना तर ब्रिटनमध्ये तिथले मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या योजनेतून कारखान्यात शिकायला पाठवले. पहिली तुकडी १९४१ साली गेली. १९४५ मध्ये सुटलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी वेगळे खाते निघाले आणि शिकवण्याची ती व्यवस्था पुढे त्याच्याकडे आली. त्याच पायावर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली. आपली मुले ज्या आयटीआयला जातात तिचे मूळ हे. म्हणजे युद्ध दोन्हीकडे तेच. एकीकडे शाळेतून मुलगा काढून यंत्रापुढे उभा केला, दुसरीकडे यंत्र चालवता यावे म्हणून शाळा काढली. फरक एवढाच पडला की शिकायला वेळ दिला की नाही.

यातून आपण काय घ्यावे?

आपल्यावर तशी वेळ नाही, आणि कधी येऊ नये. पण कोवळी तोड युद्धातच होते असे नाही. हंगाम सुरू झाला, ट्रॅक्टरवर माणूस मिळेना, की दुसऱ्या वर्षाला असलेला फिटरचा विद्यार्थी घरी बोलावला जातो. चार दिवसांसाठी आलेला पोरगा मार्चपर्यंत राहतो. परीक्षा कशीबशी होते. दाखला मिळतो. मग मुलाखतीत त्याला मायक्रोमीटर धरता येत नाही आणि आपण म्हणतो, वशिला नव्हता!

म्हणून मुलगा कुठेही कामाला किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून लागला तर सभासदांनी चार गोष्टी विचाराव्यात, अशी आमची सूचना आहे. एक, त्याचे काम दर काही दिवसांनी बदलते का, की वर्षभर एकच? दोन, त्याला दाखवणारा जाणता माणूस शेजारी आहे का? तीन, वर्गाचे तास प्रत्यक्ष भरतात का, की कागदावरच? चार, धोक्याच्या जागी त्याला एकट्याला सोडत नाहीत ना? चारांचे उत्तर बरोबर असेल तर ते शिक्षण आहे. नसेल तर ती नुसती मजुरी आहे, मग नाव काहीही द्या. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्याकडे १९६१ सालचा कायदा आहे, तो याचसाठी. हे प्रश्न इतर कारखान्यांना विचारावेत तसे आपल्या कारखान्यालाही विचारावेत. त्यात संकोच नको, मालक आपणच आहोत.

उसाला एक सोय आहे. तोडला तरी बुडखा राहतो आणि खोडवा फुटतो. जपानची जी मुले परतली त्यांनी तसा खोडवा धरला, आणि देशाने त्याला पाणी दिले. पण जी हान्दाच्या गिरणीत, हिरोशिमाच्या राड्यारोड्यात आणि कादेनाच्या उसाच्या मुलखात पडली त्यांना खोडवा नव्हता. आपल्या घरातल्या शिकत्या मुलाचे वर्ष या हंगामात कापायची वेळ आली, तर त्या मुलांची आठवण ठेवावी आणि चार दिवस गडी महाग पडला तरी पोराला शाळेत राहू द्यावे, एवढीच विनंती.